बिल एकाचे, नेट दोघांचे

शिरोली एमआयडीसीत एका शेडमधला माल दुसऱ्या शेडमध्ये जायला फार वेळ लागत नाही. कागद मात्र लागतो. फौंड्रीत ओतलेले कास्टिंग शेजारच्या मशीनशॉपला पाठवायचे तर जॉबवर्कचे चलन फाडावे लागते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ मुळे पुढचे आधीच ठरलेले असते: माल दुसऱ्याच्या दारात पडला असला तरी हिशेब कोणाकडे, आणि तो वर्षभरात परत आला नाही तर कर कोणी भरायचा. कोल्हापूरचा इंजिनिअरिंग धंदा अशाच देवाणघेवाणीवर उभा आहे. पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, मशीनिंग तिसऱ्याकडे. वापरलेली वाळू पुन्हा कामाला यावी म्हणून क्लस्टर योजनेतून सामाईक प्रकल्पही इथे झाला. आपल्याकडची क्षमता शेजाऱ्याच्या कामाला लावण्यात इथे कोणाला कमीपणा वाटत नाही. ती तोंडी आणि बिनहिशेबी द्यावी, असेही कोणी म्हणत नाही.

पाळी सुटल्यावर हीच माणसे शिरोली पुलाची, नागाव, मौजे वडगाव, हालोंडी अशा गावांतल्या घरांकडे आणि भाड्याच्या खोल्यांकडे वळतात, आणि तिथे एक वस्तू रोज चलनाशिवाय या घरातून त्या घरात जाते. घरमालकाच्या हॉलमधला राउटर भिंतीपलीकडच्या भाडेकरूच्या खोलीतही चालतो. वाटणी होऊन वेगळे राहिलेल्या दोन भावांची चूल वेगळी असते, वाय-फाय एकच. कुठे निम्मे बिल दर महिन्याला फोनवरून वळते होते, कुठे पासवर्ड दिला एवढ्यावरच भागते. "वहिनी, नेट गेलंय काय ओ?" हा प्रश्न ज्या घराच्या नावावर कनेक्शनच नाही, त्या घरातून सर्वात आधी येतो. यात आपण काही चुकीचे करतो आहोत असे कोणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरही आहे. अडचण निराळी आहे. वापरणारी घरे दोन असतात. कंपनीला, पोलिसांना आणि कायद्याला त्यांतले एकच दिसते.

घरची सोय शेजाऱ्याला देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या काळात नोकरीच्या अर्जावर, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवरसुद्धा 'पी.पी.' अशी अक्षरे लिहून शेजाऱ्याचा नंबर दिलेला असे. फोन वाजला की त्या घरातले पोर हाक मारायला पळायचे, ज्याचा फोन तो चपला घालून यायचा आणि दहा जणांसमोर बोलायचा. खासगीपणाचा पार बोजवारा उडायचा. पण फोन कोणी वापरला, किती वेळ, कशासाठी, हे फोनमालकाला माहीत असायचे. सोय देणाऱ्यासमोरच ती वापरली जात होती. वाय-फायमध्ये असा साक्षीदार नाही. शेजारचा मुलगा रात्री दोन वाजता काय पाहतो, कोणाला काय पाठवतो, हे बिल भरणाऱ्याला कळत नाही. ते कळू नये हेच योग्य. तरीही त्या सगळ्यावर शिक्का त्याच्या नावाचा असतो.

आधी पैशाचे पाहू, कारण सुरुवात तिथूनच होते. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने घरगुती फायबरचा सर्वात स्वस्त प्लॅन महिना ३९९ रुपयांवर आणला. वेग ३० एमबीपीएस. अठरा टक्के कर धरून तो ४७० रुपये ८२ पैसे होतो, दोघांत वाटला तर माणशी २३५ रुपयांच्या आसपास. उलट जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दोन जीबी देणारे जिओचेच मोबाइल रिचार्ज एका फोनला ३४९ रुपयांना पडू लागले. तेही अठ्ठावीस दिवसांना, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज. (हा तेरावा महिना कोणी शोधून काढला त्याला दाद द्यायला हवी.) 'अमर्याद' म्हणवणाऱ्या घरगुती प्लॅनला साधारण ३३०० जीबीची मर्यादा असते. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला तीन जीबी खातो असे धरले, तर एवढा साठा अकराशे तास पुरतो. तीस दिवसांच्या महिन्यात तास सातशे वीसच असतात. म्हणजे एक टीव्ही दिवसरात्र चालू ठेवला तरी हा साठा संपणार नाही. तो दुसऱ्या घराने वापरला तर पहिल्या घराचे काही कमी होत नाही.

कंपनीचे म्हणणे असे की किरकोळ दर हे एका घराच्या वापराचा अंदाज बांधून ठरवलेले असतात. प्रत्येक कनेक्शनवर दोन घरे बसली तर गणित कोसळेल. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कंपनी स्वतः शेजाऱ्यांमध्ये नेटची वाटणीच करत असते. घराघरांत येणारी फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते. एका तंतूतून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती खाली येते आणि स्प्लिटर नावाची छोटी डबी तो तंतू ३२ किंवा ६४ घरांत फोडते. चौसष्ट घरांना शंभर-शंभर एमबीपीएसचे प्लॅन विकले तर कागदावरची बेरीज साडेसहा गिगाबिटच्या जवळ जाते. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, म्हणून हा व्यवहार चालतो. शेजारी एकाच वेळी सगळे वापरत नाहीत या अनुभवावर कंपनीचा धंदा उभा आहे. त्याच अनुभवावर दोन घरांनी आपसात सोय केली की मात्र ती कराराचा भंग ठरते.

तांत्रिक बाजूनेही वाटून घेणे शहाणपणाचे असू शकते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच: एक, सहा आणि अकरा. दहा खोल्यांच्या चाळीत दहा राउटर लागले की ते एकाच हवेत एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात आणि दहाही संथ होतात. नीट जागा पाहून बसवलेले दोन राउटर तिथे जास्त चांगले काम करतील. एमआयडीसीच्या परिसरात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पत्रा. वीटकाम रेडिओलहरींना बरेचसे जाऊ देते, स्लॅब अडवतो आणि लोखंडी पत्रा तर परत फिरवतो. म्हणून अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राउटरची एक काडीही दिसत नाही आणि लोक रिपीटर आणतात. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दोन घरांमध्ये तांब्याची लॅन केबल ओढली तर तिची मर्यादा शंभर मीटर. शिवाय दोन घरांचे अर्थिंग वेगळे असल्याने वळवाच्या विजांत दोन्हीकडची यंत्रे एकदम जाण्याचा धोका असतो. तिथे फायबरचा तुकडा बरा.

ही हवा तर सरकारनेच मोकळी केली आहे. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्याशिवाय वापरायला मिळाला, ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग खुला झाला. लहरी कुंपणाशी थांबाव्यात असे कुठल्याच अधिसूचनेत नाही.

मग अडते कुठे? याचे उत्तर नवी मुंबईतल्या सानपाड्यात आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस सानपाड्यातल्या एका अमेरिकी रहिवाशाच्या फ्लॅटवर पोहोचले. त्याचे संगणक ताब्यात घेतले गेले, कसून चौकशी झाली, त्याचे नाव देशभर गाजले. मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याच्या उघड्या वाय-फायवरून तो दुसऱ्याच कोणी पाठवला होता. पुढच्या दोन महिन्यांत अशाच मेलसाठी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले. मेल पाठवणारे उघडी कनेक्शने हुडकत फिरत होते, हे तपासात स्पष्ट झाले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी अशी कनेक्शने शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

सानपाड्याच्या प्रकरणातून लोकांनी धडा घेतला तो पासवर्ड लावण्याचा. तो चांगलाच होता, पण अपुरा. कुलूप लावले की अनोळखी माणूस बाहेर राहतो. ओळखीच्याला किल्ली दिल्यानंतर काय, हा प्रश्न तसाच राहतो. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना ग्राहकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. या नोंदी सांगतात त्या ग्राहकापर्यंतचे. राउटरच्या पलीकडे दहा फोन असले तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो. त्यांतला नेमका फोन कोणता, हे सांगू शकेल असे यंत्र फक्त राउटर, आणि घरगुती राउटरची स्मरणशक्ती लाइट गेली की बहुधा साफ होते. महावितरणच्या कृपेने ती अधूनमधून जातेच.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याचे नेटवर्क वापरणे चूक आहे. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरण्यासाठी ६६ सी हे वेगळे कलम आहे. शेजाऱ्याने स्वतः पासवर्ड दिला असेल तर यातले काहीच लागू होत नाही. विजेचे तसे नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये मंजूर जागेखेरीज दुसऱ्या जागेत वीज वापरणे हा स्पष्टपणे अनधिकृत वापर ठरवला आहे. आपल्या मीटरवरून शेजारच्या घरात वायर टाकली तर त्याची आकारणी कशी करायची तेही लिहिले आहे. नेटच्या बाबतीत कायदा बोलत नाही, बोलतो तो कंपनीचा करार: कनेक्शन दुसऱ्याला विकू नये, ठरलेल्या जागेबाहेर देऊ नये. तो कोणी वाचत नाही, आणि घरगुती पातळीवर त्यावरून भांडायला कंपनीलाही सवड नसते. असा सगळ्यांनी डोळेझाक केलेला व्यवहार सुरळीत चालतो तोवर छान वाटतो. बिघडला की ज्याचे नाव बिलावर त्याने निस्तरायचे.

बिघडू शकतो याची जाणीव कोल्हापूरला वेगळी करून द्यावी लागत नाही. समाजमाध्यमांवरच्या काही स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी शहरात तणाव उसळला, दगडफेक झाली आणि इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. चार ओळींच्या पोस्टने शहर थांबते, तिथे 'हे कोणाच्या कनेक्शनवरून गेले' हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पोस्ट शेजारच्या पोराची, राउटर आपला, आणि ते पटवून देईपर्यंत आपला फोन पोलीस ठाण्यात. निर्दोषत्व सिद्ध होईलही. मधले दिवस कोणी परत देत नाही.

जर्मनीने हा पेच कायद्यात ओढून सोडवला. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर सुट्टीवर गेलेल्या एका माणसाचे प्रकरण आले. तो नसताना त्याच्या वाय-फायवरून कोणीतरी एक गाणे बेकायदा वाटले होते. न्यायालयाने त्याला भरपाईतून सोडले, पण वाय-फाय नीट सुरक्षित न ठेवल्याबद्दल काही जबाबदारी त्याच्यावर ठेवलीच. परिणाम असा झाला की लोक पाहुण्यालाही पासवर्ड देताना कचरू लागले, कॅफेवाले वाय-फाय बंद ठेवू लागले. शेवटी २०१७ मध्ये कायदा बदलून दुसऱ्याच्या कृत्यासाठी वाय-फाय देणाऱ्यावर येणारी ही जबाबदारी काढून टाकावी लागली. स्पेनमधल्या कॅटलोनियाने उलट दिशेने सुरुवात केली. कंपन्या खेड्यांत येईनात म्हणून २००४ च्या सुमारास ओसोना भागातल्या लोकांनी छपरांवर अँटेना लावून घरे एकमेकांना जोडली, आणि त्यातून तीस हजारांहून अधिक जोडण्यांचे 'गिफी' हे जाळे उभे राहिले. तिथे वाटून घेण्याचे नियम पहिल्यापासून लेखी होते. म्हणूनच ते टिकले.

'पासवर्ड कोणालाच देऊ नका' हा सायबर सुरक्षेच्या व्याख्यानांतला ठरलेला सल्ला आहे. तो देणाऱ्याच्या घरी स्वतःचे कनेक्शन असते. २०२० मध्ये शाळा फोनवर आली तेव्हा सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिल्याची बातमी राज्यभर वाचली गेली. त्या दोन वर्षांत भिंतीपलीकडचा पासवर्ड किती मुलांचा वर्ग ठरला असेल, याचा विचार व्याख्यात्यांनी करायला हवा. त्याआधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. हक्क मानायचा आणि तो परवडण्याची सर्वात सोपी वाट धोकादायक म्हणून बंद करायची, हे एकमेकांशी जुळत नाही. वाटून घेणे थांबवण्यापेक्षा ते उघड करावे, दुसरे घर नोंदीत आणावे, हाच त्यातला सरळ मार्ग.

तशी एक वाट सरकारने काढली आहे, फक्त ती चाळीच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात कोणीही दुकानदार किंवा घरमालक 'सार्वजनिक डेटा कार्यालय' होऊ शकतो, म्हणजे जुन्या एसटीडी-पीसीओसारखा नेटचा पीसीओ. परवाना नाही, शुल्क नाही, नोंदणीही नाही. वापरणारा आपल्या फोनवरच्या ॲपमधून स्वतःच्या ओळखीने आत येतो. ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हे वरच्या संस्थांचे काम. सानपाड्याने उभा केलेला प्रश्न इथे सुटतो, कारण ज्याने वापरले त्याचेच नाव लागते. असे असूनही २०१८ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत ज्या एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे स्वप्न पाहिले होते, त्यांची गाडी काही लाखांतच अडकली. एक मोठे कारण दराचे होते. अशा छोट्या केंद्रांकडूनही कंपन्या व्यापारी जोडणीचे दर मागत. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती प्लॅनचा जो दर असेल, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त या केंद्रांकडून घ्यायचा नाही.

या दुपटीचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. ३९९ चे दुप्पट ७९८, करासह ९४१ रुपये ६४ पैसे. दोनच घरे असतील तर या वाटेने एक पैसाही वाचत नाही. दोघांनी दोन स्वतंत्र कनेक्शने घेतली तरी तेवढेच पडतात. तिसऱ्या घरापासून फायदा सुरू होतो आणि दहा खोल्यांच्या चाळीत खोलीमागे ९४ रुपये येतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून फौंड्रीत आलेल्या आणि रात्री गावाकडे व्हिडिओ कॉल लावणाऱ्या कामगाराला हे परवडेल. तीस एमबीपीएस दहा खोल्यांना तोकडे पडतील, तेव्हा वरचा प्लॅन घेतला तरी ही रक्कम फार चढत नाही. कारखानदारांची 'स्मॅक'सारखी संघटना वीज, पाणी, रस्त्यांसाठी सरकारकडे जातेच. कामगारवस्त्यांत अशी केंद्रे उभी करणे तिच्या आवाक्यातले काम आहे.

नुसत्या दोन घरांसाठी मात्र पीएम-वाणी नव्हे. तिथे कंपन्यांनीच जोड-घराची सोय द्यायला हवी: मूळ बिलात शंभर-सव्वाशे रुपये वाढवून दुसऱ्या घराच्या माणसाचे नाव आणि ओळखपत्र नोंदवायचे, त्याला वेगळे लॉगिन द्यायचे. आज चोरटेपणाने होते तेच कंपनीला उत्पन्न देईल आणि पोलिसांना नाव. ते होईपर्यंत दोघांच्या हातात काही गोष्टी आहेत. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. शेजाऱ्याला त्याचाच पासवर्ड द्यावा, म्हणजे आपला संगणक आणि सीसीटीव्ही ज्या नेटवर्कवर आहेत तिथे त्याचे फोन येत नाहीत. पासवर्ड पुढे तिसऱ्याला जाणार नाही, पैसे कोणत्या तारखेला, खोली सोडली तर काय, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून ठेवावे. लिहायला लोक संकोचतात. शेजारधर्मात कागद कशाला, असे वाटते. पण नळावरच्या भांडणात पूर्वी अबोला धरला जायचा, आता पासवर्ड बदलला जातो, तोही बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यात. कागद असलेला बरा.

यात एक बाजू नेहमी कमकुवत राहते, ती भाडेकरूची. शेजारी-शेजारी बरोबरीचे असतात, मालक आणि भाडेकरू नसतात. आजच्या संकेतस्थळांवरचा मजकूर राउटरच्या मालकाला वाचता येत नाही. तो वाटेत कुलूपबंद असतो. पण कोणता फोन कधी जोडला गेला, रात्री किती वाजेपर्यंत चालू होता, थोडी खटपट केली तर कोणत्या संकेतस्थळांवर गेला, एवढे त्याला कळू शकते. खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत एवढी माहितीही खूप होते. भाडेकरारात लाइटबिल आणि पाणीपट्टीच्या ओळीखाली वाय-फायची ओळ आता येऊ लागली आहे, ती फक्त रकमेची. मालकाने या नोंदी पाहायच्या नाहीत आणि भाडे थकले म्हणून नेट तोडायचे नाही, हे त्या ओळीत घालायला अकरा महिन्यांच्या करारात जागा पुष्कळ आहे.